तारण नसलेला जिल्हा

केनियाच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते जोमो केन्याटा यांना ब्रिटिशांनी १९५३ साली सात वर्षांची सक्तमजुरी सुनावली, तेव्हा त्यांना ठेवायचे कुठे, या प्रश्नाने सरकारला फार काळ छळले नाही. देशाच्या वायव्य टोकाला, इथिओपियाच्या सरहद्दीजवळ लोकिताउंग नावाचे एक ठाणे होते. भोवती मैलोन् मैल दगड, वाळू आणि काटेरी झुडपे. पहारेकऱ्यांपेक्षा उन्हाचाच बंदोबस्त तिथे अधिक चोख. केन्याटा कैद्यांमध्ये वयाने मोठे, म्हणून खडी फोडण्याऐवजी त्यांच्याकडे सोबत्यांच्या स्वयंपाकाचे काम आले. १९५९ मध्ये त्यांना थोडे दक्षिणेला, लोडवार या गावी हलवून स्थानबद्ध करण्यात आले आणि तिथे त्यांनी आणखी दोन वर्षे काढली. त्यांच्यावरचा खटला कापेनगुरिया या अशाच आडवळणी गावी चालला होता. बचावाच्या वकिलांत पंडित नेहरूंनी धाडलेले दिवाण चमनलाल होते, तसे गोव्याच्या कुळातले तरुण वकील फिट्झ डिसूझाही होते. हे डिसूझा पुढे स्वतंत्र केनियाच्या संसदेचे उपसभापती झाले.

लोकिताउंग आणि लोडवार ही दोन्ही गावे आजच्या तुर्काना काउंटीत येतात. केन्याटा १९६३ मध्ये पंतप्रधान आणि पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष झाले. ज्या मुलखाने आपल्याला आठ वर्षे सांभाळले, त्याची आठवण नेत्याने ठेवली असेल, असे आपल्याला वाटणे साहजिक आहे. पण १९६५ साली केन्याटा सरकारने नियोजनाचे धोरण सांगणारा एक प्रसिद्ध दस्तऐवज संसदेपुढे ठेवला. 'सेशनल पेपर क्रमांक १०' या नावाने तो ओळखला जातो आणि त्यामागे मुख्य डोके टॉम म्बोया या अत्यंत हुशार मंत्र्याचे होते. नाव समाजवादाचे, पण त्यातला एक परिच्छेद एखाद्या सावध बँक मॅनेजरने लिहावा तसा होता. देशाकडे पैसा थोडा आहे, तेव्हा जिथे जमीन चांगली, पाऊस बरा, रस्ते आणि वीज आहे, आणि जिथली माणसे विकासाला उत्सुक आहेत, तिथेच तो गुंतवावा. तिथून जे उत्पन्न वाढेल त्यातून पुढे मागास भागांकडे पाहता येईल, असा त्याचा मथितार्थ. (या दस्तऐवजावर त्या काळी टीकालेख लिहिणाऱ्यांत एक तरुण अर्थतज्ज्ञ होते, बराक ओबामा नावाचे. अमेरिकेच्या माजी अध्यक्षांचे ते वडील.)

आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे कर्जाचे अर्ज वाचण्यात घालवलेल्या माणसाला या परिच्छेदातला युक्तिवाद पाठ असतो. तारण काय? उत्पन्न किती? परतफेड कशातून? तीनही रकाने कोरे असले की अर्ज बाजूला पडतो. यात कोणी दुष्ट नसतो. मॅनेजर ठेवीदारांच्या पैशाशी इमान राखत असतो. अडचण एवढीच की, ज्याचा अर्ज आज बाजूला पडला त्याच्याकडे उद्याही तारण येत नाही, आणि परवाही. सरकार बँकेसारखे वागू लागले की, काही जिल्ह्यांचे अर्ज पन्नास-पन्नास वर्षे तसेच पडून राहतात. तुर्काना हा असा बाजूला पडलेला अर्ज होता.

तारण नव्हते म्हणजे काय, हे नकाशावर पाहावे. पश्चिमेला युगांडा, उत्तरेला दक्षिण सुदान आणि इथिओपिया, पूर्वेला जवळजवळ अडीचशे किलोमीटर लांबीचे तुर्काना सरोवर. क्षेत्रफळ अडुसष्ट हजार चौरस किलोमीटरच्या घरात. मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांपेक्षा जास्तच. लोडवारला वर्षाकाठी पडणारा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही येईल तेव्हा. तुर्क्वेल आणि केरियो या दोन नद्या वर्षातला बराच काळ वाळूखालूनच वाहतात. बायका वाळूत खड्डे खणून पाणी काढतात. नदीकाठी दूम नावाची ताडासारखी झाडे दिसतात आणि अलीकडे त्यांच्या जोडीला एक ओळखीचा पाहुणा दिसतो. आपण जिला वेडी बाभूळ म्हणतो, तीच. वाळवंट थोपवण्यासाठी म्हणून केनियात १९७० आणि ८० च्या दशकांत तिची लागवड झाली, आणि सोलापूर-मराठवाड्यातल्या माळांवर तिने जे केले तेच तिने तुर्क्वेलच्या काठी केले. सरपण दिले, कोळसा दिला आणि कुरणे गिळली.

सरोवराची गंमत निराळीच. वाळवंटात कायम राहणाऱ्या सरोवरांत जगात ते सर्वांत मोठे, पण पाणी खारट. १८८८ साली काउंट टेलेकी हा प्रवासी तिथे पोहोचला आणि त्याने ऑस्ट्रियाच्या राजपुत्राच्या नावाने त्याचे 'रुडॉल्फ' असे बारसे करून टाकले. हे नाव १९७५ पर्यंत टिकले. याच्या काठची माती मानवाच्या इतिहासाची दप्तरखाना आहे म्हणा ना. १९८४ मध्ये पश्चिम काठावरच्या नारिओकोटोमे इथे कामोया किमेयू यांना एका मुलाचे अवशेष सापडले; पंधरा-सोळा लाख वर्षांपूर्वीचा हा जवळजवळ अखंड सांगाडा 'तुर्काना बॉय' म्हणून जगाला ठाऊक आहे. लोमेक्वी इथली दगडी हत्यारे तेहतीस लाख वर्षांची निघाली. आणि नाटारुक इथे दहा हजार वर्षांपूर्वी मारल्या गेलेल्या सत्तावीस माणसांची हाडे मिळाली, डोक्यात आणि फासळ्यांत घाव असलेली. टोळीने टोळीवर तुटून पडण्याचा एवढा जुना पुरावा फार थोड्या ठिकाणी सापडला आहे. हाडे नैरोबीच्या संग्रहालयात जातात, कीर्ती जगभर जाते. काठावरचा धनगर शेळ्या हाकत राहतो.

धनगर हा शब्द मी सैलपणे वापरला, पण तो अगदीच चुकीचा नाही. तुर्काना लोक शेळ्या-मेंढ्या, गाई, उंट आणि गाढवे पाळतात आणि गवतामागे फिरतात. युगांडातले कारामोजोंग आणि जिए, दक्षिण सुदानातले तोपोसा, इथिओपियाचे न्यांगातोम हे त्यांचे भाषेने चुलतभाऊ. प्रत्येक कुटुंबाचा परत येण्याचा एक मुलूख असतो, त्याला ते 'एरे' म्हणतात. देवाला आणि आकाशाला त्यांच्या भाषेत एकच शब्द आहे, 'आकुज'. पावसाकडे डोळे लावून जगणाऱ्या माणसांना दोन शब्द लागले नसावेत. समाजाची बांधणी मोठी चतुर आहे. सगळे पुरुष दोन गटांत विभागलेले, 'दगड' आणि 'बिबटे'. बाप दगड असेल तर मुलगा बिबट्या, आणि नातू पुन्हा दगड. म्हणजे घराघरातच दोन्ही पक्ष, त्यामुळे पक्षापक्षांत उभी फूट पडत नाही. निवाडे एका मोठ्या झाडाखाली होतात. त्याला 'पुरुषांचे झाड' म्हणतात आणि नावाप्रमाणेच तिथे बायकांना जागा नसते. हे सगळे गोड मानून घेण्याचे कारण नाही. जनावरांच्या लुटीसाठी शेजारच्या पोकोट जमातीशी पिढ्यान् पिढ्या चाललेली मारामारी पूर्वी भाल्यांनी होई, आता ती स्वयंचलित बंदुकांनी होते. सुदान, युगांडा आणि इथिओपिया या तिन्ही देशांतल्या यादवींनी या भागात बंदुकांचा बाजार भरवला.

ब्रिटिशांनी हा सगळा उत्तरेचा प्रदेश परवान्याशिवाय प्रवेश नसलेला 'बंद' मुलूख ठरवला होता. स्वातंत्र्यानंतर कायद्याचे कुलूप निघाले, रस्त्याचे निघाले नाही. लोडवारहून कोणी नैरोबीला निघाला की, 'केनियाला जाऊन येतो' असे म्हणे. उत्तर केनियात ही म्हण आजही ऐकू येते.

काहीच झाले नाही असे मात्र नाही. १९७१ च्या सुमारास नॉर्वे सरकारने ठरवले की, सरोवरात मासे आहेत आणि काठावर भुकेली माणसे आहेत, तर या दोघांची गाठ घालून द्यावी. डांबरी रस्ता बांधला, काठावर कालोकोल इथे मासे गोठवण्याचा आधुनिक कारखाना १९८० च्या सुमारास उभा केला. तो जेमतेम काही दिवस चालला. त्या उन्हात शीतगृह थंड ठेवायला लागणारी वीज आणि स्वच्छ पाणी यांचा खर्च माशांच्या किमतीहून जड झाला. भरीला, पुढच्या काही वर्षांत ज्या उथळ खाडीत मासे होते तीच आटली. आणखी एक गोष्ट कागदावर नव्हती. तुर्कानांमध्ये मासे धरणारे काही लोक पूर्वीपासून होते, पण समाजाच्या नजरेत मासे धरणारा म्हणजे ज्याची गुरे गेली तो कंगाल. अशा माणसाला आधुनिक उद्योजक करण्याची ही योजना होती. आपल्याकडे एकात्मिक ग्रामीण विकास योजनेत भूमिहीनांना कर्जाने म्हशी वाटल्या जात. वैरण कुठून आणणार, हा प्रश्न अर्जाच्या नमुन्यात नसे. असो. नॉर्वेचा कारखाना पाहून हसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही.

दुसरे मोठे काम म्हणजे तुर्क्वेल नदीच्या घळीतले धरण. १९९१ मध्ये ते सुरू झाले, १०६ मेगावॉट वीज देऊ लागले आणि त्या विजेच्या तारा दक्षिणेकडे, शहरांकडे गेल्या. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या लोडवारच्या वाट्याला पुढली कित्येक वर्षे डिझेलवर चालणाऱ्या जनित्राची वीज आली.

या पार्श्वभूमीवर २०१० साली केनियाने जी नवी राज्यघटना स्वीकारली, तिचे मोल कळते. २००७ च्या निवडणुकीनंतर उसळलेल्या दंगलींत हजारावर माणसे मेली होती; सत्ता नैरोबीत साठली म्हणून तिच्यासाठी रक्त सांडते, असे निदान झाले. घटनेचा मसुदा ज्या तज्ज्ञ समितीने केला, तिचे संचालक एकुरु आऊकोट हे स्वतः तुर्काना. जुने आठ प्रांत बाजूला ठेवून ४७ काउंट्या निर्माण झाल्या. प्रत्येकीला लोकांनी थेट निवडलेला गव्हर्नर, निवडलेली विधानसभा आणि राष्ट्रीय महसुलातून किमान पंधरा टक्क्यांच्या एकत्रित वाट्यात हक्काचा हिस्सा. आरोग्य, शेती-पशुपालन, बालवाड्या, पाणीपुरवठा, स्थानिक रस्ते ही कामे काउंटीकडे आली. आपल्या जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाने हेवा करावा असे हे अधिकार आहेत.

पण त्याहून महत्त्वाचे होते वाटपाचे सूत्र. २०१३ पासून लागू झालेल्या पहिल्या सूत्रात लोकसंख्येला पंचेचाळीस टक्के वजन, सर्वांना समान हिस्सा पंचवीस, दारिद्र्याला वीस, क्षेत्रफळाला आठ आणि आर्थिक शिस्तीला दोन टक्के. एका फटक्यात १९६५ चा युक्तिवाद उलटा झाला. दारिद्र्य हेच तारण ठरले, आणि उजाड जमिनीचा विस्तारसुद्धा. पहिल्याच वर्षी, २०१३-१४ मध्ये, तुर्कानाला ७६६ कोटी शिलिंग मिळाले. ४७ काउंट्यांत यापेक्षा मोठा वाटा फक्त राजधानी नैरोबीचा होता. २०२१-२२ पर्यंत हा आकडा १२६० कोटींवर गेला. 'अनुशेष' हा शब्द महाराष्ट्राला १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून पाठ झाला आहे. तो मोजणे एक आणि वर्षाच्या वर्षी घटनेच्या हमीने भरून देणे दुसरे, हे आपण चांगलेच जाणतो.

सूत्रात लोकसंख्येला एवढे वजन आले की शिरगणती हा राजकारणाचा विषय होणारच. तुर्कानाची लोकसंख्या १९९९ च्या गणनेत साडेचार लाख होती. २००९ मध्ये ती साडेआठ लाखांवर गेली. सरकारने २०१० मध्ये तुर्कानाच्या तीन भागांसह काही उत्तरेकडील जिल्ह्यांचे आकडे फुगवलेले ठरवून रद्द केले, प्रकरण कोर्टात गेले आणि शेवटी तेच आकडे वापरात राहिले. २०१९ मध्ये लोकसंख्या भरली ९ लाख २७ हजार. पहिल्या दशकात जवळजवळ दुप्पट आणि दुसऱ्यात जेमतेम आठ टक्के वाढ! खातेवहीत अशा दोन नोंदी दिसल्या तर कोणीही चष्मा पुसून पुन्हा पाहील. तथापि, दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. गवतामागे सरहद्द ओलांडून जाणाऱ्या माणसांची मोजणी १९९९ मध्ये तरी नीट झाली होती, हे कोणी सांगावे?

२०२० मध्ये सूत्र बदलण्याची वेळ आली तेव्हा दाट वस्तीच्या मध्य केनियातून 'एक माणूस, एक मत, एक शिलिंग' अशी घोषणा आली. तिच्यात न्यायाचा अंश आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. नैरोबीच्या झोपडपट्टीतला गरीब हाही गरीबच. परंतु हा नियम शुद्ध स्वरूपात लावला असता तर तुर्काना, मार्साबित, मांडेरा, वाजिर यांचे कोट्यवधी शिलिंग गेले असते. अडुसष्ट हजार चौरस किलोमीटरवर विखुरलेल्या नऊ लाख लोकांपर्यंत एक परिचारिका पोहोचवायला जो खर्च येतो, तो माणशी हिशेबात बसत नाही. सेनेटची बैठक निर्णयाविना वारंवार उठली. एका बैठकीच्या दिवशी तर तीन सेनेटरांना पोलिसांनी उचलले. अखेर सप्टेंबरात तोडगा निघाला तो कुटुंबातल्या भांडणात निघतो तसा. वाटपाची रक्कमच ३१,६५० कोटींवरून ३७,००० कोटी शिलिंगांपर्यंत वाढवायची, म्हणजे कुणाचेच कमी व्हायला नको.

मग पैसा आला, आणि झाले काय? आरोग्यकेंद्रे आणि दवाखाने वाढले, बालवाड्या निघाल्या, कूपनलिका खोदल्या. कामासाठी नैरोबीला न जाता लोडवारला जाता येऊ लागले, ही साधी गोष्ट नव्हे. पहिले गव्हर्नर जोसफाट नानोक दोन मुदती, म्हणजे २०२२ पर्यंत राहिले आणि मधल्या काळात देशातल्या सगळ्या गव्हर्नरांच्या परिषदेचे अध्यक्षही झाले. त्यांच्यानंतर जेरेमाया लोमोरुकाई निवडून आले. लेखापरीक्षकांचे आक्षेप मात्र येत राहिले, तसे ते बहुतेक सगळ्याच काउंट्यांवर येतात. अर्धवट इमारती, पगारावर होणारा खर्च, कंत्राटांचे घोळ. स्वतःचे उत्पन्न किरकोळ असलेल्या संस्थेत मतदार कर भरत नाही आणि म्हणून हिशेबही तितक्या आवाजात विचारत नाही. २०१५-१६ च्या सरकारी पाहणीत देशातले दारिद्र्य ३६ टक्के निघाले, तुर्कानाचे ७९. विकेंद्रीकरणाला तेव्हा तीनच वर्षे झाली होती हे खरे, पण त्यानंतरचे आकडेही पाठ थोपटावी असे नाहीत.

माझ्या मते तुर्कानाची खरी अडचण भ्रष्टाचार ही नाही. पैसा आला, पण ज्या चार गोष्टींवर इथले जगणे अवलंबून आहे त्यांच्या किल्ल्या लोडवारला आल्याच नाहीत. खनिजे, सुरक्षा, निर्वासित आणि नदी.

मार्च २०१२ मध्ये लोकिचारजवळ 'न्गामिया-१' या विहिरीत टुल्लो या ब्रिटिश कंपनीला तेल लागले. ज्याच्याकडे काहीच तारण नव्हते त्याच्या परसात एकाएकी हंडा सापडला आणि इतकी वर्षे तोंड फिरवलेले सगळे सावकार दारात उभे राहिले. तेलाच्या उत्पन्नात काउंटीला वीस टक्के आणि स्थानिक समाजाला दहा टक्के, असा आधी विचार होता. राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा यांना समाजाचा वाटा जास्त वाटला. हे उहुरू म्हणजे लोडवारला स्थानबद्ध असलेल्या जोमो केन्याटांचे चिरंजीव. त्यांच्यात आणि गव्हर्नर नानोक यांच्यात यावरून जाहीर खडाजंगी झाली. २०१८ मध्ये तडजोड झाली आणि २०१९ च्या पेट्रोलियम कायद्यात ती उतरली : देशाला पंच्याहत्तर, काउंटीला वीस, समाजाला पाच. तोवर तेलाचे टँकर मोम्बासा बंदराकडे निघालेही होते. जून २०१८ मध्ये उहुरूंनी झेंडा दाखवला, आणि महिनाभरातच गावकऱ्यांनी टँकर अडवले. त्यांची मागणी तेलाच्या पैशाची जितकी होती तितकीच साधी होती : लुटारूंपासून आमचे रक्षण करा. टँकरला पोलीस आहेत, आमच्या शेळ्यांना का नाहीत? ऑगस्ट २०१९ मध्ये दोन लाख पिंपांची पहिली निर्यात झाली. त्या वेळी पेट्रोलियम खाते सांभाळणारे मंत्री जॉन मुन्येस हे तुर्कानाचेच पहिले सेनेटर. पण २०२० मध्ये टँकर थांबले, भागीदार कंपन्या २०२३ मध्ये बाहेर पडल्या आणि टुल्लोने २०२५ साली आपला केनियातला पसारा गल्फ एनर्जी या केनियन कंपनीला विकण्याचा करार केला.

पाण्याची कथा याच चालीची. सप्टेंबर २०१३ मध्ये युनेस्को आणि केनिया सरकार यांनी जाहीर केले की, तुर्कानाच्या भूगर्भात पाण्याचे प्रचंड साठे आहेत, देशाला सत्तर वर्षे पुरतील एवढे. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ते पहिल्या पानावर छापले. दोन वर्षांनी चाचणी झाली तेव्हा लोटिकिपीच्या मोठ्या साठ्याचे पाणी पिण्याच्या लायकीचे नाही, खारट आहे, असे आढळले. लोडवारजवळचा लहान साठा तेवढा गोड निघाला. ही बातमी छापायला पहिले पान कोणाकडे शिल्लक नव्हते.

सरोवराला मिळणारे नव्वद टक्क्यांच्या आसपासचे पाणी ओमो नदीचे, आणि ओमो येते इथिओपियातून. तिथे २०१६ मध्ये गिबे-३ या भव्य धरणाचे उद्घाटन झाले. सरोवर आटेल, अशी भीती अनेक तज्ज्ञांनी व्यक्त केली आणि २०१८ मध्ये युनेस्कोने इथल्या राष्ट्रीय उद्यानांना धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत टाकले. प्रत्यक्षात पुढच्या वर्षांत अतिवृष्टीने सरोवर चढले आणि काठावरची घरे पाण्यात गेली. यावरून तज्ज्ञांना हसणे सोपे आहे. पण माशांची वीण ओमोच्या पुराच्या लयीवर चालते आणि ती लय आता आदिस अबाबाच्या हाती आहे. केनियाची काउंटी दुसऱ्या देशाशी नदीचा करार करू शकत नाही. सुरक्षेचेही तेच. गव्हर्नरच्या शेजारीच राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला 'काउंटी कमिशनर' बसतो, आपल्या कलेक्टरचा हा सावत्रभाऊ, आणि पोलीस त्याच्या बाजूचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरोवराच्या उत्तर टोकाला तोडोन्यांग इथे इथिओपियाकडच्या दासानेच टोळ्यांनी तुर्काना मच्छीमारांवर हल्ला केला, कित्येक मारले गेले वा बेपत्ता झाले. गव्हर्नरला निषेध करता येतो, एक शिपाई हलवता येत नाही.

निर्वासितांचे काय? १९९२ मध्ये सुदानच्या युद्धातून चालत आलेल्या हजारो पोरक्या मुलांसाठी काकुमा इथे छावणी निघाली. आज काकुमा आणि तिला लागूनची कालोबेयेई वसाहत मिळून जवळपास तीन लाख माणसे तिथे राहतात. काउंटीच्या लोकसंख्येच्या तुलनेत हे प्रमाण केवढे मोठे आहे पाहा. जागतिक बँकेच्या एका संस्थेने २०१८ मध्ये काकुमाच्या बाजाराची पाहणी केली तेव्हा तिथे दोन हजारांवर धंदे आणि वर्षाला साडेपाच कोटी डॉलरची उलाढाल आढळली. छावणीतल्या दुकानाला उलाढाल असते, पण तारण नसते, म्हणून कर्जही नसते. जग कुठेही सारखेच! भोवतालचे तुर्काना तिथे सरपण, कोळसा आणि शेळ्या विकतात आणि शिध्यातले धान्य घेऊन जातात. २०२५ मध्ये अमेरिकेची मदत आटली, शिधा कापला गेला, छावणीत निदर्शने झाली. त्याची झळ छावणीबाहेरच्या शेळीलाही लागली, कारण तिचा गिऱ्हाईकच भुकेला झाला. हा निर्णय वॉशिंग्टनमध्ये झाला होता.

एका गोष्टीचा उल्लेख आनंदाने करावासा वाटतो. २००८ नंतर ब्रिटिश मदतीने आणि पुढे केनिया सरकारच्या दुष्काळ प्राधिकरणामार्फत उत्तरेच्या चार काउंट्यांत भूक-सुरक्षा योजना राबवली गेली. दुसऱ्या टप्प्यात जवळजवळ प्रत्येक कुटुंबाची नोंद करून इक्विटी बँकेत खाती उघडली. सर्वांत गरीब कुटुंबांना दर दोन महिन्यांनी ५४०० शिलिंग नियमित जमा होत, आणि उपग्रहाच्या चित्रात गवत वाळलेले दिसले की बाकीच्या खात्यांतही. ज्या माणसाचा पत्ता म्हणजे 'जिथे गवत असेल तिथे', त्याला पासबुक! गावातल्या दुकानदाराकडे कार्ड आणि अंगठा दाखवून पैसे काढायचे. २०२० ते २०२२ या काळात लागोपाठ पाच पावसाळे कोरडे गेले, केनियाच्या कोरडवाहू भागात मिळून वीस लाखांहून अधिक जनावरे मेली. १९८० च्या दुष्काळांत माणसे अन्नछत्रांच्या वाटेवर पडली होती. या वेळी हाल कमी नव्हते, पण निदान काहींच्या खात्यात रक्कम होती. बँकेतल्या माणसाला आपल्या धंद्याविषयी चांगले बोलण्याची संधी क्वचित मिळते, म्हणून हे सांगितले.

तेल आज ना उद्या पुन्हा निघेल. तेव्हा कायद्यातला तो समाजाचा पाच टक्के वाटा द्यायचा कुणाला, हा प्रश्न उभा राहणार आहे. २०१६ चा सामूहिक जमीन कायदा म्हणतो की, समाजाने आपल्या सदस्यांची यादी करावी, नोंदणी करावी, समिती निवडावी. तोवर जमीन काउंटीच्या विश्वस्तपणाखाली राहील. यादी लोकिचारच्या बाजारात बसून केली तर तिथले दुकानदार, कंत्राटदार आणि शिकलेली मुले तिच्यात येतील. गुराखी त्या दिवशी कुठे असेल? कोरड्या ऋतूत हजारो तुर्काना जनावरे घेऊन युगांडाच्या कारामोजात जातात. दोन्ही देशांच्या अध्यक्षांनी २०१९ मध्ये मोरोटो इथे या येण्याजाण्यासाठी सहकार्याचा करार केला. २०२३ च्या मे महिन्यात युगांडाचे अध्यक्ष मुसेवेनी यांनी हुकूम काढला : लुटलेली गुरे आणि बंदुका यांचा निकाल लावा, सहा महिन्यांत शस्त्रे द्या, नाहीतर जनावरांसह चालते व्हा. इकडच्या यादीत नाव नाही आणि तिकडे मुक्कामाची मुदत संपलेली, अशा अवस्थेत हा माणूस शेळ्या घेऊन सरहद्दीवर उभा आहे. पाच टक्क्यांचे खाते उघडताना त्याच्या नावापुढे पत्ता कोणता लिहायचा, हे लोडवारच्या कचेरीत अजून ठरलेले नाही.